कौन्सिलातले टिळक आणि सोलापूरचे विणकर

टिळक म्हटले की गणेशोत्सव, ‘केसरी’ आणि मंडाले आठवते. मला मात्र शोध घ्यावासा वाटला तो कायदेकौन्सिलातल्या टिळकांचा. १८९५ मध्ये मध्य विभागातील लोकलबोर्डांनी त्यांना मुंबईच्या कौन्सिलात निवडून पाठवले. आमचा सोलापूर जिल्हा याच विभागात होता.

त्या काळी अमेरिकेच्या काँग्रेसमधला सभासद सरकारच्या खर्चावर मत देई. इकडे १८९२ च्या कायद्याने सभासदाला प्रश्न विचारण्याची व अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली, मत देण्याची नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात याची प्रचिती आली. कापडाला गिऱ्हाईक नाही, म्हणून माग थांबले. खडी फोडून सोललेली बोटे सुतावर चालत नाहीत, हे विणकराच्या घरात वाढल्यामुळे मी जाणतो. टिळकांनी स्थानिक मंडळींच्या साह्याने सोलापूर-नगरच्या विणकरांसाठी मदतीची योजना आखली. सरकारने ती मान्य केली नाही.

१८९७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. पण जुलैत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, सप्टेंबरात १८ महिन्यांची सक्तमजुरी. कौन्सिलातली कारकीर्द तिथेच संपली.

मग ती वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. फॅमिन कोडातले रयतेचे हक्क सार्वजनिक सभेच्या माणसांनी याच दुष्काळात गावोगाव मराठीत समजावले, आणि त्यामागे टिळकच होते. कौन्सिलात ज्याला मत नव्हते, त्याने रयतेच्या हाती सरकारचाच कायदा दिला.