कापसाला ग्रेडर, कानाला कोण?

धरणगाव मराठी वाचकाला माहीत असते ते बालकवींचे जन्मगाव म्हणून. व्यापाराच्या इतिहासात मात्र ते कापसाचे आणि कापडाचे गाव आहे. सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे वखार घातली ती खानदेशी कापडासाठी. पुढे ताप्ती व्हॅली रेल्वेने हे गाव सुरतेच्या वाटेवर आणले आणि जिनिंगच्या शेडमधली रुई थेट बंदराकडे जाऊ लागली. अशा गावाला एक प्रश्न फार जुना आहे: माल चांगला आहे हे सांगायचे कोणी? विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबता येत नाही आणि घेणाऱ्याला घेतेवेळी कळत नाही. हाच प्रश्न आज खानदेशातल्या हजारो घरांत दुसऱ्याच वस्तूबाबत उभा आहे. ती वस्तू म्हणजे कानाचे मशीन. ते निवडणारा, कानात बसवणारा आणि नंतर त्याची जबाबदारी घेणारा माणूस कोण, हे ठरवण्यासाठी अमेरिकेत मंडळाची परीक्षा निघाली आणि भारतात संसदेने कायदा केला. या दोन्ही वाटांचा इतिहास पाहिला की प्रमाणपत्र हा मानाचा कागद नव्हे, हे ध्यानात येते. मालात खोट निघाली तर कोणाचे नाव घ्यायचे, हे ते आधीच ठरवून ठेवते. कापसाच्या व्यापाराने हे नाव ठरवायला बासष्ट वर्षे घेतली. कानाच्या मशीनच्या व्यापाराने अजून ठरवलेले नाही.

कापसाचा तो अनुभव आधी पाहू, कारण त्यात एक फसलेला प्रयोग आहे आणि एक टिकलेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला, हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले, आणि भावाबरोबर भेसळही चढली. रुईत सरकी, माती, पाणी आणि हलक्या जातीचा कापूस मिसळला जाऊ लागला. १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातील फसवणुकीविरुद्ध कायदा करून तपासनीस नेमले. हेतू बरा होता, पण सरकारी माणसाने गावोगावी माल तपासत फिरायचे हा कारभार खर्चाचा आणि कटकटीचा ठरला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्याला विरोध केला आणि साधारण दोन दशकांत ती व्यवस्था गुंडाळली गेली. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने वेगळी युक्ती केली. प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक झाले. आता गठाण कुठेही फोडली आणि आत खोट निघाली, तरी ती कोणत्या प्रेसमधून आली हे सांगता येऊ लागले. पुढे १९७२ पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत ग्रेडर आला. त्याच्या निर्णयावर शेतकऱ्यांनी कितीही बोटे मोडली असली, तरी बोट दाखवायला एक माणूस समोर होता. प्रत्येक व्यवहारावर पहारा बसवता येत नाही. प्रत्येक कामावर करणाऱ्याची खूण मात्र उमटवता येते.

घेतेवेळी ज्याची पारख होत नाही अशा मालाचा कानाचे मशीन हा पक्का नमुना आहे. चष्म्याची काच डोळ्यांपुढे धरली की अक्षर स्पष्ट झाले की नाही हे तिथल्या तिथे कळते. मशीन कानात घातले की पहिल्या क्षणी सगळेच मोठ्याने ऐकू येते, आणि गिऱ्हाईक खूश होते. खरी परीक्षा घरी, लग्नाच्या मांडवात, बाजारात होते. वयाने किंवा गोंगाटाने गेलेला कान बहुधा वरच्या पट्टीचे आवाज आधी गमावतो. स्वर ऐकू येतात, ‘स’सारखी व्यंजने निसटतात. ‘साठ’ म्हटले तर ‘आठ’ कानी पडते, आणि भावाच्या बोलीत असा घोटाळा महाग पडतो. अशा कानाला सरसकट मोठा आवाज देऊन उपयोग नसतो. बारीक आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सहन होत नाही, असा तो कान असतो. म्हणून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक पट्टीवर ऐकण्याची पातळी मोजून ऑडिओग्राम काढावा लागतो, हवेतून आणि हाडातून वेगवेगळी तपासणी करावी लागते, आणि मग मशीन त्या आलेखाप्रमाणे लावावे लागते. त्यानंतर येतो साचा. कानाच्या नळीत दोरा बांधलेला कापसाचा किंवा स्पंजचा बोळा योग्य खोलीवर ठेवायचा, मग मऊ मसाला भरायचा, तो घट्ट झाला की ठसा अलगद बाहेर काढायचा. बोळा चुकला तर मसाला पडद्यापर्यंत जाऊ शकतो. ठसा आखूड आला तर साचा सैल बसतो, आवाज बाहेर गळतो आणि मशीन शिट्टी मारत राहते. शिट्टीला कंटाळून डबीत पडलेली कितीतरी मशीने निर्दोष असतात. खोट साच्यात किंवा जुळवणीत असते, आणि ती कोणाची हे पावतीवर कुठेच लिहिलेले नसते.

अमेरिकेत हा धंदा विक्रेत्यांच्या हाती वाढला, आणि तो तसा वाढण्यामागे विद्वानांचा सोवळेपणाही होता. दुसऱ्या महायुद्धातून कान गमावून परतलेल्या सैनिकांसाठी लष्करी रुग्णालयांत जे काम झाले, त्यातून रेमंड कारहार्ट यांच्यासारख्यांनी श्रवणशास्त्र उभे केले. पण तिथल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या सभासदांना नफ्यासाठी मशीन विकायला १९७८ पर्यंत मनाई केली होती. म्हणजे जो कान मोजत होता तो मशीनला हात लावत नव्हता, आणि जो मशीन बसवत होता त्याला कान मोजायचे शिक्षण असेलच असे नव्हते. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचे मशीन बाजारात आले, आकार लहान झाला आणि दारोदार विक्री सोपी झाली. तक्रारीही वाढल्या. विक्रेत्यांपैकी शहाण्यांनी १९५१ मध्येच आपली संघटना काढली होती. पुढे एकेका राज्याने परवाना सक्तीचा केला. १९७७ मध्ये केंद्रीय नियम आला आणि मशीनपूर्वी डॉक्टरी तपासणी आली, मात्र प्रौढ गिऱ्हाइकाला सही करून तिच्यातून सूट घेण्याची मुभा राहिली. १९८१ मध्ये ‘नॅशनल बोर्ड फॉर सर्टिफिकेशन इन हिअरिंग इन्स्ट्रुमेंट सायन्सेस’ स्थापन झाले. परवान्यानंतर किमान दोन वर्षे काम केलेल्याने या मंडळाची परीक्षा द्यायची आणि मगच ‘बोर्ड सर्टिफाइड’ म्हणवून घ्यायचे. परवाना सरकारने दिलेली किमान अट, आणि मंडळाचे प्रमाणपत्र व्यवसायाने स्वतःवर घातलेली वरची अट. दुकानदाराला हळूहळू जबाबदार तंत्रज्ञ करण्याचा हा तीस वर्षांचा प्रवास होता.

भारतात क्रम उलटा झाला. इथे पहिले बंधन आले ते जाहिरातीवर. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतच्या १९५४ च्या कायद्याने ज्या विकारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी घातली, त्यांच्या यादीत बहिरेपणा आहे. म्हणजे तेल आणि जडीबुटी विकणाऱ्यांचा उच्छाद तेव्हाही लहान नव्हता. १९६० च्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय संस्थेत वाचा-श्रवणाचे रीतसर शिक्षण सुरू झाले. १९८१ पासून दिव्यांगांना साधने देणारी केंद्राची योजना आली आणि शर्टाच्या खिशात ठेवायचे, वायरीने कानाला जोडायचे मशीन शिबिरांतून खेड्यांत पोहोचले. ९ ऑगस्ट १९८३ रोजी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. मग १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा आला. त्यात ऑडिओलॉजिस्टबरोबरच श्रवणयंत्र आणि इअर मोल्ड तंत्रज्ञ यांचाही पुनर्वसन व्यावसायिक म्हणून स्वतंत्र उल्लेख आहे. नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कागदावर पाहिले तर आपण अमेरिकेच्या पुढे होतो: तिथे मंडळाचे प्रमाणपत्र ऐच्छिक, इथे नोंदणी सक्तीची. पण कायद्याने व्यवसाय करणारा माणूस बांधला आणि मशीनची विक्री मोकळी राहिली. मशीन ही वस्तू २०२० मध्ये, सगळीच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आली तेव्हा, दुसऱ्याच खात्याकडे गेली. कान एका कायद्यात, मशीन दुसऱ्या कायद्यात, आणि त्या दोहोंना जोडणारा साचा कोणाच्याच खिजगणतीत नाही.

याची झळ धरणगावसारख्या गावाला जास्त बसते. जिनिंगच्या शेडमध्ये रोलर चालू असताना शेजारच्याशी बोलायला ओरडावे लागते. कारखान्यांच्या नमुना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि गोंगाटाने आलेला बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत, घातला गेला. अशा कानाच्या ऑडिओग्राममध्ये ४००० हर्ट्झच्या आसपास एक खाच दिसते. पण ती खाच दिसायला आधी ऑडिओग्राम निघायला हवा, आणि तो काढणारा नोंदणीकृत माणूस हवा. पुनर्वास परिषदेचा कायदा तर स्पष्टच सांगतो की कायद्याने लागणाऱ्या दाखल्यावर अशा व्यावसायिकाने सही करायची तर त्याचे नाव नोंदवहीत असले पाहिजे. तसा माणूस जवळ नसेल तर हंगामामागून हंगाम रुईच्या धुळीत उभ्या राहिलेल्या मजुराचा बहिरेपणा कायद्यापुढे येतच नाही. ‘वय झालं’ या दोन शब्दांत त्याचा निकाल लागतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची नोंद सुमारे ५० लाख ७० हजार होती. इतक्यांना पुरे पडतील एवढे पदवीधर तालुक्याच्या गावी आणायचे कुठून? नियम कडक केले तर आज जे थोडेबहुत मिळते तेही बंद होईल. या आक्षेपाचे उत्तर पुनर्वास परिषदेच्या कायद्यातच आहे. त्याने सगळ्यांकडून चार वर्षांची पदवी मागितलेली नाही. श्रवण, भाषा आणि वाचा या विषयातली एका वर्षाची पदविका आहे, साच्याच्या तंत्रज्ञाला वेगळे स्थान आहे. अमेरिकेतला बोर्ड सर्टिफाइड विशेषज्ञ हा तरी डॉक्टर कुठे आहे? तो मधल्या फळीचा माणूस आहे आणि त्याच्या कामाची सीमा आखलेली आहे. आपल्याकडे ही मधली फळी कायद्याच्या कलमात आहे, पण बाजारात तिची ओळख नाही. पदविका घेतलेला मुलगा आणि केवळ कंपनीचे पत्रक वाचून शिकलेला विक्रेता यांत गिऱ्हाईक फरक करत नाही, म्हणून पदविका घेण्यात फायदा दिसत नाही, म्हणून माणसे कमी. टंचाईचे एक मूळ इथेच आहे. प्रमाणपत्राला किंमत आली तर ही टंचाई कमी होऊ शकेल.

दुसरा आक्षेप ताजा आहे. अमेरिकेनेच १७ ऑक्टोबर २०२२ पासून तपासणीविना, थेट दुकानातून मशीन घ्यायला परवानगी दिली. मग आपण जुनी कुंपणे कशाला राखायची? पण ती सूट वाचली तर तिच्या सीमा दिसतात. ती १८ वर्षांवरच्या, स्वतःला सौम्य ते मध्यम बहिरेपणा जाणवणाऱ्या लोकांपुरती आहे. मशीनच्या आवाजाला कमाल मर्यादा आहे. कान वाहत असेल, दुखत असेल, अचानक ऐकू येईनासे झाले असेल, तर डॉक्टरकडे जा, असा इशारा खोक्यावर छापावा लागतो. शिवाय ही मोकळीक जिथे आली तिथे परवाना आणि परीक्षा यांची पन्नास-साठ वर्षांची परंपरा मागे उभी होती. खानदेशात माणूस मशीन घ्यायला निघतो तो बहुधा घरचे ओरडून थकल्यावर, सौम्य टप्पा केव्हाच मागे टाकून. वाहत्या कानात साचा ठोकून बसवला तर आतला पू आतच राहतो. बांधून घातलेल्या पायरीवरून उतरणे आणि पायरीच नसताना उडी मारणे यात फरक आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत तिखट: प्रमाणपत्रे ही शेवटी धंदेवाल्यांची मक्तेदारी असते. आत शिरलेले दार लावून घेतात आणि भाव वाढवतात. यात तथ्य आहे. १९७८ पर्यंतची अमेरिकन मनाई गिऱ्हाइकाच्या हितासाठी असल्याचे सांगितले जाई, पण तिच्यामुळे गिऱ्हाईकच अर्धशिक्षित विक्रेत्याच्या हवाली झाले. आणि ती उठल्यावर तपासणारा आणि विकणारा एकच झाला, त्याचेही धोके आहेत. महागडे मशीन खपवण्यात ज्याचा नफा आहे, त्यानेच ते लागते की नाही हे सांगायचे! म्हणून प्रमाणपत्रावर आंधळा विश्वास ठेवायचे कारण नाही. पण प्रमाणपत्र नसलेल्या विक्रेत्याचा स्वार्थ तेवढाच असतो आणि त्याला जाब विचारायची जागाही नसते. नोंदवहीतला माणूस चुकला तर त्याचे नाव वहीतून काढता येते. वहीबाहेरचा माणूस दुकानाची पाटी बदलतो.

मग करायचे काय? तपासनीस फिरवून दुकाने बंद करणे हा १८६३ चा मार्ग आहे, आणि तो कसा संपला हे आपण पाहिले. १९२५ चा मार्ग कमी खर्चाचा आहे. ऑडिओग्रामवर, साच्याच्या नोंदीवर आणि मशीनच्या बिलावर तपासणाऱ्याचे नाव आणि पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक छापलेला असावा. तपासणीचे पैसे आणि मशीनचे पैसे वेगळे लिहावेत, म्हणजे मशीन न विकताही तपासणाऱ्याचे पोट भरेल. पंधरा दिवसांनी, महिन्याने पुन्हा जुळवणी करून देण्याची तारीख त्याच बिलावर असावी. शासकीय शिबिरांतही मशीन वाटणाऱ्या खात्याच्या नावाबरोबर ते बसवणाऱ्याचा क्रमांक कार्डावर यावा. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. खरेदी करणारी सरकारी यंत्रणा, सिव्हिल हॉस्पिटल आणि खुद्द गिऱ्हाईक यांनी क्रमांक मागायला सुरुवात केली की पुरे. क्रमांक मागितला जाऊ लागला की तो मिळवण्यासाठी शिकणारेही निघतील, आणि मशीन शिट्टी मारू लागले तर धरणगावच्या म्हाताऱ्याला ते परत घेऊन जायचे कोणाकडे, हे पावतीवर वाचता येईल.