बेथेल : आपल्या शेजारचा एक इतिहास

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम संकोचले. मी काही लेखिका नव्हे. परंतु आपल्या नवीन जालन्यातील बहुतेक भगिनींना बेथेल हे नाव ऐकून माहीत असते, तेथे एक जुने देवालय आहे एवढेही माहीत असते, आणि त्यापुढे मात्र कोणी काही सांगू शकत नाही, हे मला मंडळाच्या बैठकीत कितीदा तरी जाणवले आहे. मी ख्रिस्ती घरात वाढले. माझी आजी बेथेलच्या गोष्टी सांगत असे. त्या गोष्टींना पुढे मी वाचनाची जोड दिली, ती येथे मांडते.

या इतिहासाची सुरुवात जालन्यात होत नाही, मुंबईस होते. साल 1843. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात रॉबर्ट नेस्बिट या पाद्र्यांच्या हातून ख्रिस्ती झाला. चारच वर्षांपूर्वी, 1839 साली, दोन पारशी तरुणांनी दीक्षा घेतली तेव्हा केवढा गहजब झाला होता आणि पालकांनी आपली मुले त्या शाळेतून कशी भराभर काढून घेतली, हे नारायणाने पाहिलेले होते. धर्म बदलला तर घर जाते, जात जाते, वडिलोपार्जित इस्टेटीवरचा हक्कही जातो, हे त्या काळी ठरलेलेच. हक्क न बुडण्याचा कायदा झाला तो पुढे 1850 साली.

नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत हाही भावामागून मिशनरींकडे गेला होता. तो अजून अज्ञान. वडिलांनी कोर्टात दाद मागितली व कोर्टाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. पण मिशनरींच्या घरी राहिलेल्या मुलाला जातीत परत घ्यावयाचे कसे? त्या वेळी ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे म्हणून त्यांनी खटपट केली आणि त्यासाठी स्वजातीतल्या सनातनी मंडळींचा रोष पत्करला. मला विचाराल तर त्या वर्षी धैर्य एकाच बाजूला नव्हते. नारायणाला जेवढे धैर्य लागले तेवढेच बाळशास्त्र्यांनाही लागले. आणि त्या घरात एक आईही असेलच ना! एक मुलगा गेला, दुसरा कोर्टातून परत आला. भगिनींनो, त्या माउलीचा विचार माझ्या मनातून जात नाही. आमच्या ख्रिस्ती पुस्तकांत नारायणरावांचा विजय सांगतात. ते खरेच आहे, पण तो विजय कोणाच्या तरी अश्रूंवर उभा होता, हेही लिहून ठेवले पाहिजे.

पुढे 1854 साली नारायणरावांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. इंग्रजी उत्तम, वक्तृत्व उत्तम. मुंबईत मानाने राहता आले असते. त्यांनी 1860 च्या दशकात निवड केली ती निजामाच्या मुलखातल्या जालन्याची. येथे तेव्हा इंग्रजांची छावणी होती, ती 1903 साली उठली. आगगाडी आली ती 1900 साली, म्हणजे नारायणराव वारल्यानंतर. त्यांचा सारा प्रवास खडखडत्या गाड्यांतून, चिखलातून आणि फुफाट्यातून झाला.

त्यांच्याकडे आले ते प्रामुख्याने मातंग समाजातले लोक. गावाबाहेर राहावयाचे, दोर वळावयाचे, गावकीची कामे करावयाची, आणि पाणी दुसऱ्याने वरून वाढले तर प्यावयाचे, असे ज्यांचे जिणे, ते लोक. एका ब्राह्मणाने त्यांच्या पंगतीला बसावे, ही गोष्ट त्या काळात किती मोठी! परंतु माझ्या मते त्याहूनही मोठे धैर्य त्या लोकांचे. नारायणरावांना विद्या होती, ओळखी होत्या, पाठीशी मिशन होते. गावकीत पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या माणसाने ‘मी आता हे करणार नाही’ म्हणावे, तर संध्याकाळची भाकरी कोठून यावी? आणि हा निर्णय घरात बाईला विचारून झाला असो वा नसो, चूल तिलाच पेटवावी लागली असणार.

म्हणूनच नुसता उपदेश पुरेसा नाही, जमीन पाहिजे, हे नारायणरावांनी ओळखले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळविली व तेथे नवे गाव वसविले. ज्या गावात ‘गावाबाहेर’ असा भागच नाही, असे गाव. नाव ठेवले बेथेल, म्हणजे देवाचे घर. हे नाव पवित्र शास्त्रातले आहे. भावाच्या रागाला भिऊन याकोब घर सोडून पळाला, रात्री उघड्या माळावर दगड उशाला घेऊन झोपला, आणि स्वप्नात त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसली. सकाळी त्याने त्या जागेला बेथेल म्हटले. घरादाराला, भावाला दुरावलेल्या नारायणरावांनी हेच नाव का निवडले असेल, ते निराळे सांगावयास नको.

1873 साली न्यूयॉर्कला ख्रिस्ती लोकांची मोठी परिषद भरली, तेथे ते गेले होते. परदेशातही त्यांनी डोक्यावरचे पागोटे सोडले नाही, याचे माझ्या आजीला फार कौतुक. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1876 ते 78 चा दख्खनचा भयंकर दुष्काळ आला. 1891 साली नारायणराव वारले. गाव राहिले.

आता थोडे स्वतःचे. 2012-13 चा दुष्काळ आपण कोणीच विसरलो नाही. घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला, टँकरमागे हंडे घेऊन धावताना आपल्यापैकी किती जणींची भांडणे झाली! आमचा धंदा बसला होता. पुण्याचा भाऊ म्हणत होता, ताई, सोड ते गाव, इकडे ये. मी बॅगासुद्धा काढल्या होत्या. त्याच उन्हाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने बेथेलला जाणे झाले. देवालयाच्या सावलीत बसले असता एका वृद्ध बाईंनी तांब्याभर पाणी पुढे केले. मी म्हटले, “मावशी, पाण्याची एवढी टंचाई, कशाला?” त्या म्हणाल्या, “बाई, आमची सासूबी असंच म्हणायची, आन् पाणी द्यायचीच.”

घरी येऊन मी बॅगा माळ्यावर टाकल्या. विश्वासाने सर्व काही ठीक होते असे मी म्हणणार नाही; धंदा सावरायला आम्हांला पुढे तीन वर्षे लागली. त्याच वर्षी गावकऱ्यांनी वर्गणी काढून घाणेवाडीतला गाळ उपसला. आपल्या मंडळातल्याही काही जणी तेथे हातभार लावून आल्या होत्या. मी चहाची किटली सांभाळत होते, आणि माझ्या शेजारी कोण कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची बसली आहे, हे त्या उन्हात कोणी विचारले नाही.