सांगलीच्या पोटातली पेवं

सांगली म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मंडळींना भडंग आठवतो, हळद आठवते, गणपतीचं देऊळ आठवतं आणि टीव्हीवर पाहिलेला महापूर. जरा वाचणारा कोणी असेल तर 'नाट्यपंढरी' म्हणतो. ते खरंच आहे म्हणा. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना असं काही मराठीत करा म्हणून सांगितलं. त्यातून १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झालं. म्हणजे मराठी नाटकाची सुरुवात ही एका संस्थानिकाने दिलेली 'रिक्वायरमेंट' होती, आणि तीही शेजारच्या भाषेतला डेमो पाहून! पुढे १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, राजाश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. असो. हे बऱ्याच जणांना माहीत असतं.

त्यामानाने जेलची गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. २४ जुलै १९४३, भर पावसाळा. सांगलीच्या गणेशदुर्ग किल्ल्यातल्या तुरुंगात वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार होते. त्यांनी पहारेकऱ्यांवर मात करून बंदुका घेतल्या, तटावरून खाली उड्या टाकल्या आणि पळाले. पोलीस मागे लागले. गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले, दादांना खांद्यात गोळी लागली आणि ते पकडले गेले. हेच दादा १९७७ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. इतर कुठल्या देशात यावर एव्हाना तीन सिनेमे निघाले असते.

पण मला सगळ्यात जास्त भुरळ घातली ती हरिपूरच्या पेवांनी.

'क्लासेसचं पेव फुटलंय' असं आपण सर्रास म्हणतो. आयटी कंपन्यांचंही फुटलं होतंच की एकेकाळी. पण पेव म्हणजे काय हे आपल्यातल्या किती जणांनी पाहिलंय? पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. वरचं तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत गेलं की रांजणासारखा फुगत गेलेला खोल खड्डा. सांगलीला खेटून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथली माती अशी की आत पाणी झिरपत नाही, त्यामुळे तिथे आणि सांगलीवाडीला अशी पेवं मोठ्या संख्येने होती. बुडाला आणि कडेला पाला वगैरे लावायचा, हळद भरायची, तोंड झाकून वर माती टाकायची. मग वर्षानुवर्षं बघायला नको. कीड नाही, बुरशी नाही.

यातली गंमत शुद्ध विज्ञानाची आहे. बंद जागेत माल आणि त्यातले किडे मिळून आतला प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि किडे आपोआप मरतात. औषध फवारणी शून्य, वीजबिल शून्य! आज 'हर्मेटिक स्टोरेज' या नावाने प्लास्टिकच्या हवाबंद पिशव्या विकल्या जातात, त्यांचं तत्त्व हेच.

पण जो वायू किड्यांना मारतो तो माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. तोंड उघडं ठेवून हवा खेळू द्यायची, मग कंदील खाली सोडून बघायचा. विझला तर थांबायचं. घाई केलेले हमाल पेवात गुदमरून मेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. आपल्या भाजीतल्या चिमूटभर हळदीमागे हा हिशेबही होता, हे मला फार उशिरा कळलं.

मग २००५ चा महापूर आला. वरून पडणारा पाऊस पेवांनी पिढ्यान्पिढ्या सोसला होता, पण कृष्णेचं पाणी दिवसेंदिवस अंगावर उभं राहिलं तेव्हा माती खचली. पेवं ढासळली, आतली हळद कुजली. व्यापाऱ्यांनी माल गोदामांत आणि कोल्ड स्टोरेजमध्ये हलवला. २०१९ ला पाणी त्याहूनही वर चढलं.

२०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. पेव नव्याने खणायचं तर नुसती माती पुरत नाही, आतला तो फुगीर आकार हाताच्या अंदाजाने काढणारा माणूसही लागतो. त्याचा नकाशा कोणी कागदावर काढून ठेवला असेल तर मला तो बघायला आवडेल.