इस्लामप्रवेश : देवगडचे गोंड राजघराणे

इस्लाम धर्माचा स्वीकार करून त्याच्या आचरणास आरंभ करणाऱ्या व्यक्तीस फार्सी व उर्दूत ‘नवमुस्लिम’ म्हणतात. नागपूर परिसरातील इस्लामप्रवेशाचे सर्वांत ठळक ऐतिहासिक उदाहरण म्हणजे देवगडचे गोंड राजघराणे होय. देवगड (जि. छिंदवाडा, मध्य प्रदेश) ही राजधानी असलेल्या या राज्यात सतराव्या शतकाच्या अखेरीस सांप्रतचा नागपूर जिल्हा, म्हणजे कुही, उमरेड इ. तालुक्यांचा प्रदेशही समाविष्ट होता. राजकीय गरजेतून पडलेले या घराण्याचे पहिले पाऊल राजकीय संबंध तुटल्यावरही मागे घेतले गेले नाही, हे या उदाहरणाचे वैशिष्ट्य आहे.

धर्मशास्त्रीय दृष्ट्या इस्लामप्रवेशाचा विधी अत्यंत साधा आहे. ईश्वर एकच असून मुहंमद हे त्याचे प्रेषित आहेत, अशी साक्ष (शहादा अथवा कलमा) समजून-उमजून व मनःपूर्वक उच्चारली की व्यक्ती मुसलमान ठरते. त्यासाठी पुरोहिताची आवश्यकता नसते. साक्षीदार ठेवण्याची मात्र प्रथा आहे. त्यानंतर नवागत सामान्यतः स्नान (गुस्ल) करतो व वजू, म्हणजे प्रार्थनेपूर्वीचे हातपाय-मुखप्रक्षालन, शिकून घेतो. कुराणाचा पहिला अध्याय ‘फातिहा’ पाठ करून तो दिवसातून पाच वेळची नमाज अंगवळणी पाडतो. रमजानचे उपवास त्या महिन्यात येतात. जकात (दानधर्म) व हज यात्रा ही कर्तव्ये ऐपतीनुसार येतात. नाव बदलणे बंधनकारक नाही. मूळ नावाचा अर्थ एकेश्वरवादास बाधक असेल तरच ते बदलणे आवश्यक मानतात. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील २५६ व्या वचनाच्या आधारे सक्तीचे धर्मांतर शास्त्रास संमत नाही, तर मुसलमान नसलेल्या आईवडिलांशीही सौजन्याने वागण्याचा आदेश एकतिसाव्या अध्यायात आहे. थोडक्यात, प्रवेश क्षणाचा, पण आचरण क्रमाक्रमाने आत्मसात करावयाचे, असे या धर्माचे स्वरूप आहे.

देवगडच्या राज्याचा पाया जाटबा याने सोळाव्या शतकात घातला. आईन-इ-अकबरी या ग्रंथात त्याचा उल्लेख आढळतो. पुढे मोगलांनी खंडणीसाठी या राज्यावर वारंवार दडपण आणले. १६३७ मध्ये खान-इ-दौरान याने, तर १६६७ नंतर दिलेरखानाने येथे स्वाऱ्या केल्या. थकलेली खंडणी व गादीसाठी होणारे भाऊबंदकीचे कलह यांमुळे मोगल दरबाराचा आश्रय हाच गादी मिळविण्याचा मार्ग ठरला आणि त्या आश्रयाशी धर्मांतर निगडित झाले.

राजघराण्यातील एका दावेदाराने १६८६ मध्ये औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारला. त्यास बादशहाने ‘बख्त बुलंद’ (उच्च भाग्याचा) हा किताब व देवगडची गादी दिली. हा किताबच पुढे त्याचे नाव बनला. तथापि १६९१ मध्ये त्यास पदच्युत करण्यात येऊन दीनदार (धर्मनिष्ठ) या नावाच्या त्याच घराण्यातील दुसऱ्या नवमुस्लिमास गादीवर बसविण्यात आले. दीनदारही बादशहाशी एकनिष्ठ राहिला नाही. धर्मांतराने राजनिष्ठेची हमी मिळते, ही दरबाराची अपेक्षा अशा रीतीने फोल ठरली.

बख्त बुलंदाने नंतर उघड बंड पुकारले, मोगलांच्या वऱ्हाडातील मुलखावर हल्ले केले आणि १६९९ च्या सुमारास छत्रपती राजारामांकडे साहाय्याची मागणी केली. संतप्त बादशहाने त्याचा उल्लेख ‘निगून बख्त’ (पालथ्या नशिबाचा) असा करण्याचा हुकूम सोडला. बादशहाने दिलेला किताब अशा प्रकारे काढून घेतला गेला; परंतु बख्त बुलंदाने इस्लामचा त्याग केला नाही. बादशहाशी वैर व त्याच्या धर्माशी निष्ठा या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी एकत्र नांदल्या.

या बंडाच्या धामधुमीतच १७०२ मध्ये त्याने राजापूर-बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र करून नागपूर शहर वसविले. ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या १८२७ च्या अहवालानुसार त्याने कारभारात हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांतील कर्तबगार माणसांची भेदभाव न करता नेमणूक केली आणि ठिकठिकाणच्या उद्यमशील लोकांना आपल्या राज्यात आणून वसविले. त्यामुळे शेती, हस्तव्यवसाय व व्यापार यांची वाढ झाली. नवा धर्म राजाने स्वीकारला, तरी तो प्रजेवर लादला गेला नाही. बहुसंख्य गोंड प्रजा फडापेन व आपली कुलदैवते यांनाच भजत राहिली. कुहीसारख्या ग्रामीण भागात गोंड, कुणबी, विणकर व मुसलमान अशी मिश्र वस्ती नांदत आली आहे.

बख्त बुलंदाचा मुलगा चांद सुलतान (मृ. सु. १७३५) याने नागपूर येथे राजधानी आणून शहराभोवती तट बांधला आणि जुम्मा तलाव (पुढे शुक्रवारी तलाव, सांप्रत गांधीसागर) निर्माण केला. त्याच्या मृत्यूनंतर वारसांत तंटे माजले आणि राणी रतनकुंवर हिच्या विनंतीवरून रघूजी भोसले यांनी त्यात हस्तक्षेप केला. १७४३ पर्यंत प्रत्यक्ष सत्ता भोसल्यांकडे गेली. बुऱ्हाणशहाकडे केवळ नामधारी राजपद व नेमणूक राहिली. गादीसाठी स्वीकारलेला धर्म गादी गेल्यावरही या घराण्याने सोडला नाही. ब्रिटिश अमदानीतील नोंदींत ते धर्माने मुसलमान व वंशाने गोंड म्हणून ओळखले गेले. नवागताने पूर्वीच्या आप्तस्वकीयांशी नाते तोडावे, अशी इस्लामची अट नाही. या राजघराण्याच्या इतिहासातही नवी उपासना व जुने कुलत्व ही परस्परविरोधी ठरली नाहीत.