रस्ता आधी, शॉकअप नंतर : नागपूरच्या मातीतून वाचायचा एक इतिहास

१/
समजा, घरातली जुनी ऑक्टेव्हिया आरएस आता तुमच्या हाती आली आहे. गतिरोधक ओलांडल्यावर ती दोन-तीनदा डुलते. मेकॅनिक म्हणतो, ‘शॉकअप गेले.’ नवे कोणते बसवायचे? कंपनीचे मूळ, की मित्र सुचवतात ते कडक, ‘स्पोर्टी’? प्रश्न गॅरेजचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आणि नागपूरच्या मातीत आहे.

२/
प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘शॉकॲब्सॉर्बर’ हे नावच फसवे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. मात्र दाबली गेलेली स्प्रिंग उसळते आणि उसळतच राहते. त्या उसळीला लगाम घालून तिची ऊर्जा उष्णतेत बदलणे हे शॉकॲब्सॉर्बरचे खरे काम. घोडागाडीच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये पाटे एकमेकांवर घासत आणि तेवढ्या घर्षणावर भागत असे. मोटारीचा वेग वाढला तसे ते अपुरे पडले.

३/
विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या ट्रुफो यांनी घर्षणावर चालणारे साधन बनवले. हार्टफर्ड यांनी ते अमेरिकेत रुजवले. उदाई यांनी घर्षणाची जागा तेलाला दिली. बारीक छिद्रांतून तेल ढकलले की विरोध निर्माण होतो, हे तत्त्व आजही तेच आहे. अमेरिकेतली गॅब्रिएल कंपनी तर मुळात मोटारीचे भोंगे बनवणारी. पुढे तिचे नाव याच साधनाशी कायमचे जोडले गेले.

४/
आता नागपूर. डिसेंबर १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद येथे भरली आणि वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ आकाराला आली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामीण रस्ते ही वर्गवारी त्याच योजनेची देणगी. दर १०० चौरस किलोमीटरमागे १६ किलोमीटर रस्ता, हे तिचे उद्दिष्ट होते. गाडी कोणत्या रस्त्यावर धावणार, याचा नकाशा असा या शहरात ठरला.

५/
त्या रस्त्यांवर धावणारी गाडी मुंबईत तयार होत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. १९६१ साली गॅब्रिएल इंडिया स्थापन झाली आणि मुलुंडला शॉकॲब्सॉर्बर बनू लागले. गाड्यांचे प्रकारच मोजके असल्याने ‘कोणता निवडू?’ हा प्रश्न त्या पिढीला फारसा पडला नाही.

६/
निवडीचा प्रश्न तंत्राने निर्माण केला. खडबडीत वाटेवर सतत हालणाऱ्या तेलात हवा मिसळून फेस होतो आणि पकड सुटते. १९५० च्या दशकात फ्रेंच अभियंता द कार्बाँ यांनी एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू तरत्या पिस्टनने वेगळे ठेवले. हा ‘मोनोट्यूब’. बिल्स्टाइनने तो जर्मनीत लोकप्रिय केला. स्वस्त, मऊ चालीची दोन नळ्यांची रचनाही टिकून राहिली. आजची निवड मुख्यतः या दोहोंतली आहे.

७/
ऑक्टेव्हिया आरएस भारतात २००४ साली आली. औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना होता. कुटुंबाची गाडी आणि १५० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन, असा हा मेळ. तिच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे. तेथे शॉकॲब्सॉर्बर केवळ उसळी रोखत नाही, तर चाकाला जागेवर धरणाऱ्या सांगाड्याचाच तो भाग असतो. म्हणून तो बदलल्यावर व्हील अलाइनमेंट अनिवार्य.

८/
आता माती. विदर्भातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. लाटांवर गाडीचे डोलणे रोखणारी घट्ट पकड हवी. परंतु खड्ड्याच्या तीक्ष्ण धक्क्याला तोच शॉकॲब्सॉर्बर नमता हवा. नाहीतर चाक रस्त्यावरून उडते आणि धक्का थेट मागे बसलेल्या आजीच्या पाठीत जातो. अति कडक म्हणजे अधिक स्पोर्टी, हा समज येथे कोसळतो.

९/
म्हणून निर्णय असा. शहर, गतिरोधक, भरलेले कुटुंब हाच रोजचा प्रवास असेल, तर मूळ दर्जाचा दोन नळ्यांचा जोड. समृद्धी महामार्गावर वारंवार लांबचा प्रवास असेल, तर मूळ उंचीच्याच स्प्रिंगला जुळणारा मोनोट्यूब. गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग टाळाव्यात. एका ॲक्सलवरचे दोन्ही एकदम बदलावेत. वरचे माउंट, बम्प स्टॉप आणि धूळरोधक आवरणही नवे घ्यावे.

१०/
तेल गळणे, टायरवर खळगे पडणे, ब्रेक लावताच नाक खाली जाणे, या खुणा दिसल्यावर मात्र थांबू नये. झिजलेल्या शॉकॲब्सॉर्बरमुळे टायर रस्ता सोडतो आणि गाडी थांबायला अधिक अंतर लागते. ट्रुफोपासून द कार्बाँपर्यंत साऱ्यांची धडपड एकाच गोष्टीसाठी होती : चाक जमिनीवर राहावे. खरेदीला निघण्यापूर्वी आपली जमीन ओळखावी, इतकेच हा इतिहास सांगतो.