जीवनकलह आणि शेजार : डार्विनच्या रानातील झाडे

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन शहर चार्ल्स डार्विनच्या नावाने ओळखले जाते. मात्र तो तेथे कधीही गेला नाही. १८३९ मध्ये ‘बीगल’ जहाजाच्या पुढच्या सफरीत कप्तान जॉन विकहॅम याने या बंदराला आपल्या जुन्या सहप्रवाशाचे नाव दिले. वनस्पतींच्या दाटीचा प्रश्न डार्विनने १८५९ मधील ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात मांडला. तीन फूट लांब व दोन फूट रुंद जमिनीच्या तुकड्यावर उगवलेली तणाची ३५७ रोपे त्याने मोजली. त्यांपैकी २९५ नष्ट झाली. इंग्लंडमधील एका माळावर, एका चौरस यार्डात, गुरांनी वारंवार खुडलेली पाइनची ३२ रोपे त्याला आढळली. त्यांतील एक तर, वाढीच्या वलयांवरून पाहता, २६ वर्षे डोके वर काढण्याचा निष्फळ प्रयत्न करीत होते. रोप जगेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्याचा शेजार ठरवतो.

समशीतोष्ण वनांतील दाटी

युरोप व उत्तर अमेरिकेतील समशीतोष्ण वनांत शेजाऱ्यांमधील मुख्य झगडा सूर्यप्रकाशासाठी असतो. एकाच वयाची झाडे दाटीने वाढू लागली की उंच झाडे प्रकाश अडवतात, मागे पडलेली मरतात आणि उरलेली जाडजूड होतात. यास स्व-विरळण म्हणतात. सागाच्या रोपवनांत केली जाणारी विरळणी म्हणजे याच प्रक्रियेला माणसाने दिलेली गती होय.

शेजारी आपल्याच जातीचा असल्यास आणखी एक धोका संभवतो. मोठ्या झाडाभोवती त्या जातीचे कीटक व रोगकारक साठतात आणि जवळच्या रोपांना गाठतात. डॅनियल जॅन्झन यांनी १९७० मध्ये आणि क्वीन्सलँडच्या वनांत काम केलेल्या जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये हा विचार उष्णकटिबंधीय वनांच्या संदर्भात मांडला. पुढे, २००० साली, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील काळ्या चेरीच्या अभ्यासातून समशीतोष्ण वनातही मातृवृक्षाजवळच्या मातीतील रोगकारकांमुळे रोपे मरतात, असे दिसून आले.

डार्विनचे रान वेगळे का

डार्विनचे वर्ष मुंबईप्रमाणेच पावसाळा आणि कोरडा ऋतू यांत विभागलेले आहे. केवळ महिने उलटे आहेत. वर्षाकाठी सुमारे १,७०० मिलिमीटर पाऊस बहुतांशी नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो. भोवतालच्या रानात निलगिरीच्या कुळातील डार्विन स्ट्रिंगीबार्क आणि डार्विन वूलीबट ही झाडे प्रमुख आहेत. त्यांचे छत विरळ असल्यामुळे प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो व खाली गवत माजते. त्यामुळे येथे प्रकाशापेक्षा कोरड्या ऋतूतील पाणी आणि वणवा हेच निर्णायक ठरतात.

मोठ्या झाडांची मुळे ओलावा ओढून घेतात आणि त्यांच्या सावलीतील रोपे खुरटतात. त्यातच वाळलेल्या गवताला आग लागली की रोपाचा वरचा भाग जळून जातो. रोप मात्र मरत नाही; जमिनीखालच्या लाकडी गाठीतून ते पुन्हा फुटते. महाराष्ट्रातील पळस व तेंदू वणव्यानंतर असेच फुटतात. हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहू शकते. दोन आगींमध्ये पुरेसा अवधी मिळून शेंडा ज्वाळांच्या वर गेला, तरच रोपाचे झाड होते. डार्विनने माळावर पाहिलेल्या पाइनचीच ही अवस्था. तेथे गुरे होती, येथे आग आहे.

नवा शेजारी : गांबा गवत

या संतुलनाला सर्वांत मोठा धक्का गांबा गवताने दिला आहे. चाऱ्यासाठी आफ्रिकेतून आणलेले हे गवत चार मीटरपर्यंत उंच वाढते, तर स्थानिक गवत त्याहून बरेच ठेंगणे व विरळ असते. गांबाच्या आगीची तीव्रता स्थानिक गवताच्या आगीच्या सुमारे आठपट असल्याचे मोजमापांतून आढळले आहे. अशा ज्वाळा केवळ रोपे जाळत नाहीत, तर मोठ्या झाडांच्या शेंड्यांनाही भिडतात. झाडे कमी झाली की गवताला आणखी जागा मिळते आणि पुढची आग अधिक भडकते. नॉर्दर्न टेरिटरीत २००८ मध्ये गांबा अधिकृतपणे तण म्हणून घोषित झाले. डार्विनच्या भोवतालच्या ग्रामीण भागात ते घरांसाठीही धोक्याचे ठरले आहे.

उपायांची दिशा

उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजांची जुनी पद्धत कोरड्या ऋतूच्या प्रारंभी, गवत पूर्ण वाळण्याआधी, तुकड्यातुकड्यांनी सौम्य आग लावण्याची आहे. त्यामुळे ऋतूच्या अखेरीस पेटणाऱ्या प्रखर वणव्यांना आळा बसतो आणि काही तुकड्यांतील रोपांना वाढण्यास उसंत मिळते. गांबा पसरलेल्या जमिनीवर मात्र एवढे पुरत नाही. तेथे बी धरण्यापूर्वी गवत उपटणे किंवा त्यावर तणनाशक फवारणे आवश्यक ठरते. समशीतोष्ण वनाचा रक्षक झाडांची दाटी मोजतो. डार्विनमध्ये झाडांइतकेच त्यांच्या पायथ्याशी वाढणारे गवतही मोजावे लागते.