आफ्रिकेंतील फ्रेंच मोटारगाडी

मोटारगाड्यांचे इतिहास बहुधा कारखान्यांत बसून लिहिले जातात. कोणत्या सालीं कोणतें यंत्र निघालें, त्याचा आराखडा कोणी काढला, किती नग विकले गेले, एवढें सांगितलें कीं इतिहासकार मोकळा होतो. परंतु कांहीं गाड्यांचें खरें चरित्र त्या कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यानंतरच सुरू होतें. फ्रान्समधील प्यूजो कारखान्याच्या '४०४' आणि '५०४' ह्या गाड्या त्यांपैकीं होत. आफ्रिकेंत त्यांनीं एका पिढीचा विश्वास संपादन केला आणि पुढच्या पिढीच्या डोळ्यांदेखत फ्रेंच गाडीचें तें स्थान बहुतांशीं नाहींसें झालें.

ह्या विषयाला एक सोपें उत्तर नेहमीं तयार असतें. फ्रान्सचें आफ्रिकेंत साम्राज्य होतें म्हणून फ्रेंच गाड्या तेथें खपल्या. साम्राज्य गेलें, तशा गाड्याहि गेल्या. ह्यांत सत्याचा अंश नाहीं असें नाहीं. १९२४ च्या ऑक्टोबरांत सित्रोएन कारखान्याचीं, मागच्या चाकांऐवजीं रबरी पट्टे बसविलेलीं आठ वाहनें सहारा ओलांडावयास निघालीं आणि पुढील वर्षीं मादागास्करला पोंचलीं. त्या मोहिमेंत मालाइतकीच साम्राज्याचीहि जाहिरात होती. मार्सेयच्या व्यापाऱ्यांनीं १८८७ सालीं स्थापन केलेल्या 'सेफाओ' ह्या पेढीसारख्या संस्थांनीं पुढें पश्चिम आफ्रिकेंत गाड्या विकण्याची व्यवस्था लावली, हेंहि खरें. परंतु मग केनियाचें काय? नायजेरियाचें काय? हे मुलूख इंग्रजांचे. तेथें फ्रेंच मालाच्या पाठीशीं कोणी गव्हर्नर उभा नव्हता. मान होता तो विलायती गाड्यांचा. तरीहि प्यूजो तेथें जिंकली.

'जिंकली' हा शब्द येथें अलंकारिक नव्हे. एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या निमित्तानें १९५३ सालीं पूर्व आफ्रिकेंत 'सफारी' नांवाची मोटारींची शर्यत सुरू झाली. सुमारें पांच हजार किलोमीटरांची ही दौड शर्यतीसाठीं बांधलेल्या वाटेवर होत नसे. नेहमींच्याच कच्च्या रस्त्यांनीं, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर ती होई. तेथील काळी माती आपल्या दख्खनच्या काळ्या रानासारखीच. भिजली कीं चाकाला सोडीत नाहीं. १९६३ सालीं ८४ गाड्या निघाल्या आणि परत आल्या त्या अवघ्या सात. त्या सातांत पहिली आली निक नोविकी आणि पॅडी क्लिफ ह्यांची 'प्यूजो ४०४'. १९६६ आणि १९६७ सालीं बर्ट शँकलंड ह्यानें तीच गाडी पहिली आणली. १९६८ सालीं पुन्हा सातच गाड्या शेवटपर्यंत टिकल्या, आणि पुन्हा नोविकी-क्लिफ ह्या जोडीची ४०४ त्यांत पहिली होती. असा पुरावा कोणत्याहि जाहिरातीनें निर्माण करतां येत नाहीं. शेतमळेवाला, दुकानदार, मिशनरी डॉक्टर, ज्याला त्याच रस्त्यांनीं रोज जावयाचें असे, त्याला तो पुरेसा होता.

त्याच १९६८ सालीं '५०४' बाहेर पडली. युरोपांत ती मध्यमवर्गाची एक आटोपशीर, सुखाची गाडी म्हणून गणली गेली. आफ्रिकेनें मात्र तिचे निराळेच गुण हेरले. ती जमिनीपासून उंच होती. चाकांना खालींवर हालण्यास भरपूर वाव असल्यामुळें खड्ड्यांतून ती आपटत नसे. सिलिंडरांच्या आंतील नळ्या झिजल्या तर काढून नव्या घालतां येत, म्हणजे इंजिन टाकून द्यावें लागत नसे. तिची जी लांब आवृत्ति निघाली तिला मागें भक्कम आंस आणि स्प्रिंगांच्या दोन जोड्या होत्या. तींत बैठकांच्या तीन ओळी मावत. हीच पश्चिम आफ्रिकेची सुप्रसिद्ध टॅक्सी झाली. सेनेगलमध्यें तिला 'सेत-प्लास', म्हणजे 'सात जागा', असें नांव पडलें. ती घड्याळ पाहून निघत नाहीं. सातवा उतारू आला कीं निघते. टपावर पोतीं, गाठोडीं, कधीं जिवंत बकरीं. प्रत्येक तळावर झाडाच्या सावलींत एखादा मिस्त्री असे आणि त्यानें ही गाडी इतक्या वेळां उघडलेली असे कीं तिच्या पोटांतला कोणताहि भाग तो अंधारांत हातानें ओळखी. ५०४ ची कीर्ति वाढविणारे हे मिस्त्री कंपनीच्या पगारपत्रकावर कधींच नव्हते.

नायजेरियांत तर सरकारच्या भागीदारीनें कादूना येथें कारखाना निघून १९७५ सालीं तेथें प्यूजो जुळूं लागल्या. तेलाच्या पैशाचे ते दिवस. अधिकारी, सेनापति, प्राध्यापक, सर्वांच्या दारांत ५०४ दिसे.

मग फिरलें काय? जपानी गाड्या स्वस्त आणि मजबूत होत्या, हें ठराविक उत्तर खरें आहे. पण तें अपुरें आहे. माझ्या मतें प्यूजोनें आपण होऊन मैदान सोडलें. फ्रान्समध्यें ५०४ मोटार १९८३ सालीं बंद झाली. तिच्या जागीं आलेल्या ५०५ नें कांहीं काळ वारसा चालविला. परंतु १९८७ सालीं आलेली ४०५ ही पुढच्या चाकांवर चालणारी, युरोपच्या गुळगुळीत हमरस्त्यांसाठीं योजलेली गाडी होती. ५०५ नंतर मागच्या चाकांवर चालणारी ती सात जागांची लांब गाडी पुन्हा निघालीच नाहीं. ह्याच्या उलट टोयोटानें १९८४ सालीं काढलेली लँड क्रूझरची साधी, ओबडधोबड 'सत्तर' मालिका चाळीस वर्षांनंतरहि चालूच ठेवली. युरोपांत जुनें ठरलेलें यंत्र दुसरीकडे नेमकें हवें असूं शकतें, ही गोष्ट जपान्यांनीं ओळखली.

काळहि प्रतिकूल झाला. १९८६ नंतर नायजेरियाचें नाणें घसरलें आणि कादूनाची गाडी पगारदाराच्या आवांक्याबाहेर गेली. १९९४ च्या जानेवारींत फ्रेंच फ्रँकाशीं बांधलेलें पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचें चलन निम्म्यानें उतरविलें गेलें. फ्रान्सहून येणारी नवी गाडी तेथील माणसाला एका रात्रींत दुप्पट महाग झाली. कोतोनू बंदरांत युरोपांतल्या जुन्या गाड्या जहाजांनीं उतरूं लागल्या. नव्या फ्रेंच गाडीला गिऱ्हाईक उरलें तें सरकारी कचेऱ्यांचें, आणि त्या कचेऱ्याहि हळूहळू टोयोटाकडे वळल्या.

एक प्रसंग ह्या बदलाचें चित्र चांगलें दाखवितो. १९८७ सालीं चाड ह्या एके काळच्या फ्रेंच वसाहतीनें लिबियाच्या सैन्याचा पराभव केला. रणगाडे फोडणारीं क्षेपणास्त्रें फ्रान्सनें दिलेलीं; परंतु तीं वाळवंटांतून नेलीं टोयोटाच्या उघड्या मोटारींनीं, आणि त्या लढाईला नांवहि 'टोयोटा युद्ध' असेंच पडलें. सफारीच्या शर्यतींतहि तोंवर पारडें फिरलें होतें. १९७८ सालीं प्यूजोनें ती एकदां पुन्हा जिंकली खरी. पण १९७९ पासून ओळीनें चार वर्षें ती जिंकली युगांडांत जन्मलेल्या शेखर मेहता ह्या भारतीय वंशाच्या चालकानें, जपानी डॅटसनमधून.

उत्तर आफ्रिकेची गोष्ट निराळी आहे. रेनोनें २०१२ सालीं मोरोक्कोंत टँजिअर येथें मोठा कारखाना काढला, आणि तेथील रस्त्यांवर फ्रेंच गाड्यांचा दबदबा टिकून राहिला. पण सहाराच्या दक्षिणेस, जेथें ४०४ आणि ५०४ ह्यांनीं नांव कमावलें, तेथें त्याच २०१२ सालीं दुसराच व्यवहार झाला. १८८७ ची ती मार्सेयवाल्यांची पेढी, सेफाओ, विकली गेली. घेणारी होती टोयोटाच्याच घराण्यांतली व्यापारी कंपनी, टोयोटा त्सुशो.